चित्रपटाचे नाव आणि खेळाची पत

शाळा सुरू होण्याच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर कापडबाजारातून एक फेरी मारली, की त्या वर्षी मुलांना कोणता चित्रपट आवडला हे निराळे विचारावे लागत नाही. दप्तरावर तोच नायक, पाण्याच्या बाटलीवर तोच, कंपासपेटीवर तोच आणि छत्रीवरही तोच. आता या यादीत खेळांची भर पडली आहे. हे खेळ पटावरचे नव्हेत, पडद्यावरचे आहेत. नातू येतो आणि म्हणतो, "आजोबा, त्या सिनेमाचा गेम आला आहे, घेऊ का?" चित्रपट आपण सर्वांनी मिळून पाहिलेला असतो. नाव ओळखीचे वाटते, म्हणून आपण 'घे' म्हणून मोकळे होतो. एरवी हरभऱ्याचे पोतेही आत हात घालून पाहिल्याशिवाय न घेणारे आपण, येथे मात्र केवळ पोत्यावरचा शिक्का पाहून व्यवहार करतो.

बँकेत असताना कॅश क्रेडिट खात्यांच्या मालाची तपासणी करण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. एकदा तालुक्याच्या गावी अशाच तपासणीला गेलो होतो. स्टॉक स्टेटमेंटमध्ये मुलांच्या तयार कपड्यांचा आकडा मोठा होता. माळ्यावर चढून पाहिले, तर एका गाजलेल्या चित्रपटाच्या नायकाचे चित्र छापलेले शर्ट गठ्ठ्यांनी पडून होते. दुकानदार प्रामाणिक होते. माल जागेवर होता, नगांची संख्या बरोबर होती. पण माल खरेदीच्या भावाने धरलेला होता आणि तो चित्रपट उतरून दोन वर्षे झाली होती. मी विचारले, "शेठजी, हा माल आज कोण घेईल?" ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "साहेब, कापड चांगले असते, तर चित्र जुने झाल्यावरही कोणी ना कोणी नेले असते. पण एका धुण्यात रंग गेला."

चित्रपटांवर आधारित व्हिडिओ गेमच्या व्यापाराचा इतिहास वाचताना मला त्या शेठजींचे हे उद्गार वारंवार आठवले. व्यापार करणाऱ्या आणि मुले वाढवणाऱ्या आपल्या कुटुंबांना त्या इतिहासात दोन्ही अंगांनी घेण्यासारखे पुष्कळ आहे.

मुंबईतील एक मोठा प्रयोग

२०११ च्या दिवाळीत, २६ ऑक्टोबर रोजी, 'रा.वन' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. मुंबईच्या रेड चिलीज एंटरटेनमेंट या संस्थेची ही निर्मिती. दिग्दर्शक अनुभव सिन्हा आणि नायक शाहरुख खान. मुले आणि त्यांच्यासोबत येणारे कुटुंब हाच प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवून हा चित्रपट आखला होता. केवळ प्रसिद्धीवर पन्नास कोटींहून अधिक रुपये खर्च झाल्याचे त्या काळी छापून आले होते. चित्रपटाच्या जोडीनेच सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन २ आणि प्लेस्टेशन ३ या यंत्रांसाठी त्याच नावाचा खेळ बाजारात आणला गेला.

गंमत अशी, की या चित्रपटाची कथाच मुळी एका व्हिडिओ गेमची आहे. लंडनमध्ये राहणारा शेखर हा खेळ तयार करणारा तंत्रज्ञ. त्याच्या मुलाला, प्रतीकला, सज्जन नायक मिळमिळीत वाटतात आणि खलनायक आवडतात. मुलाच्या नजरेत मोठे होण्यासाठी बाप असा खेळ बनवतो, की ज्यात खलनायक नायकापेक्षा बलवान असेल. पुढे तोच खलनायक खेळातून बाहेर पडतो, बापाचा जीव घेतो आणि मुलाच्या मागे लागतो. मुलाच्या हट्टापायी आपण त्याच्या हाती काय देतो, हा प्रश्न त्या मनोरंजनात दडलेला होता. तो किती पालकांच्या ध्यानात आला असेल, कोण जाणे.

चित्रपटाचा जमाखर्च पाहता जगभरातील तिकीटविक्री दोनशे कोटींच्या पुढे गेली. दृश्य करामतींसाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. समीक्षकांनी मात्र करामतींचे कौतुक करून कथेला नावे ठेवली. खेळाच्या वाट्याला याहून कमी आले. तो खेळण्यासाठी घरी प्लेस्टेशन हवे आणि असे यंत्र आपल्या देशात त्या वेळी फार थोड्या घरांत होते. चित्रपटगृहांतून चित्रपट उतरला, जाहिराती थांबल्या आणि खेळाची चर्चाही त्याबरोबरच संपली. आज त्या चित्रपटाची गाणी ऐकू येतात, पण त्या खेळाचे नाव घेणारा क्वचितच भेटतो.

त्याआधी २००८ च्या अखेरीस आमिर खान यांच्या 'गजनी' चित्रपटावर हैदराबादच्या एफएक्स लॅब्स या कंपनीने संगणकावरचा खेळ काढला होता. भारतात बनलेला पहिला खराखुरा त्रिमितीय संगणक खेळ म्हणून त्याची जाहिरात झाली. मात्र पंधरा वर्षांवरील मुलांसाठीच तो योग्य असल्याचे निर्मात्यांनीच म्हटले होते, कारण आत सगळी मारामारी होती. नाव घराघरांत पोहोचलेले आणि आतला माल घरात सर्वांसमोर ठेवण्याजोगा नाही, असा हा प्रकार होता.

एवढे मोठे नाव पाठीशी असताना खेळ का टिकत नाही? याचे सर्वांत स्पष्ट उत्तर शोधण्यासाठी आपल्याला चाळीस वर्षे मागे, अमेरिकेत जावे लागेल. त्या प्रकरणाचा हिशेब आज उघड आहे आणि तो कोणत्याही व्यापाऱ्याने मुनीमजींना शेजारी बसवून वाचावा असा आहे.

वाळवंटात पुरलेला माल

११ जून १९८२ रोजी स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ई.टी.' हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. परग्रहावरून आलेला आणि घरची ओढ लागलेला एक निरागस जीव व त्याला जपणारी मुले, अशी ती कथा. जगभरच्या कुटुंबांनी तो डोक्यावर घेतला. त्या वेळी घरगुती व्हिडिओ गेमच्या धंद्यात अटारी ही कंपनी सर्वांत मोठी होती. तिने या चित्रपटाचे नाव वापरण्याचा हक्क घेतला. त्यासाठी दोन ते अडीच कोटी डॉलर मोजल्याचे सांगितले जाते.

बोलणी लांबली आणि जुलै महिना संपत आला. नाताळच्या खरेदीला माल दुकानात हवा, तर खेळ सप्टेंबरच्या आरंभी तयार हवा. एरवी असा खेळ बनवायला सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लागे. येथे हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या एकट्या तंत्रज्ञाला मिळाले जेमतेम पाच आठवडे. तो गुणी माणूस होता. त्याचे आधीचे खेळ गाजले होते. त्याने घरीही यंत्र बसवून रात्रंदिवस काम केले आणि खेळ वेळेवर दिला. ग्राहकांनी खेळून पाहण्याची जी चाचणी एरवी होत असे, तिला मात्र वेळच उरला नाही.

नाताळात मालाची उचल चांगली झाली. सुमारे पंधरा लाख कॅसेट विकल्या गेल्या. (या यंत्रात बसवायच्या डबीला आपल्याकडे मुले कॅसेटच म्हणत.) मग मुलांनी खेळ सुरू केला. त्यातला तो गोंडस जीव पावलोपावली खड्ड्यात पडे. वर काढला की पुन्हा पडे. चित्रपटातला जिव्हाळा कोठेच नव्हता. एका मुलाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि जानेवारी उजाडताच मागणी बसली. कंपनीने चाळीस लाखांच्या आसपास कॅसेट बनवल्या होत्या. विकल्या न गेलेल्या आणि दुकानदारांकडून परत आलेल्या कॅसेटचे ढीग गोदामात साचले.

दोष एकट्या खेळाचा नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. त्याच वर्षी या कंपनीने 'पॅक-मॅन' या खेळाच्या सुमारे १ कोटी २० लाख कॅसेट काढल्या होत्या आणि तो ज्यावर खेळायचा ती यंत्रे लोकांच्या घरी होती सुमारे १ कोटी. शिवाय वितरकांनी पुढच्या पूर्ण वर्षाची मागणी आधीच नोंदवावी, असा आग्रह कंपनीने धरला होता. माल अपुरा मिळेल या भीतीने वितरकांनी गरजेपेक्षा जास्त मागणी लिहून दिली. दहा पोती हवी असताना वीस सांगायची, म्हणजे निदान दहा तरी मिळतील. ही युक्ती आपल्या बाजारालाही ठाऊक आहे. कंपनीने तो आकडा खरा मानला. पुढे बाजार मंदावताच वितरकांनी मागण्या रद्द केल्या. कागदावरची मागणी आणि ग्राहकाची मागणी यांतला फरक ज्याला कळला नाही, त्याची गोदामे भरली.

१९८३ मध्ये अटारीला ५० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ गेमची वार्षिक विक्री त्या वर्षी ३ अब्ज डॉलरच्या वर होती. ती १९८५ पर्यंत १० कोटी डॉलरच्या आसपास घसरली. १९८४ मध्ये मालकांनी कंपनीचा घरगुती विभाग विकून टाकला. पडून राहिलेला माल ट्रकांत भरून न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो गावाच्या कचराडेपोत नेऊन पुरला आणि त्यावर काँक्रीट ओतले. अनेक वर्षे लोक याला दंतकथा समजत. २६ एप्रिल २०१४ रोजी ती जागा खणली, तेव्हा मातीखालून खरोखरच त्या कॅसेट निघाल्या. सुमारे तेराशे कॅसेट बाहेर काढल्या. त्यांतल्या बऱ्याच त्या गावच्या नगरपालिकेने लिलावात विकल्या आणि एक लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळवली. खेळण्याची वस्तू म्हणून कवडीमोल झालेला माल अपयशाची आठवण म्हणून विकला गेला. हॉवर्ड वॉर्शॉ पुढे मानसोपचाराच्या व्यवसायाकडे वळले.

या सगळ्याचा ताळेबंद मांडला तर असे दिसते, की पहिले पंधरा लाख ग्राहक चित्रपटाच्या नावाने आणले. त्यानंतरचे ग्राहक आणण्याचे काम खेळाने करायचे होते. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर दुसऱ्याचे गुडविल भाड्याने मिळते, पण पत भाड्याने मिळत नाही. बँकेत आम्ही जामीनदार पाहत असू; तरी कर्ज द्यायचे ते कर्जदाराचा धंदा पाहून. जामीनदार कितीही मोठा असला, तरी हप्ता धंद्यातूनच यावा लागतो.

वेळ दिला, तर माल उतरतो

म्हणून चित्रपटावरचा प्रत्येक खेळ वाईटच असतो, असे समजण्याचे कारण नाही. डिस्नेचा 'अल्लादीन' १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये पडद्यावर आला आणि त्यावरचे खेळ वर्षभराने आले. सेगा कंपनीच्या यंत्रासाठी बनवलेल्या खेळात हालचालींची चित्रे डिस्नेच्या चित्रकारांनी हाताने काढून दिली होती. समीक्षकांनी वाखाणणी केली आणि सुमारे चाळीस लाख प्रती विकल्या गेल्या.

कुटुंबाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे उदाहरण २००५ मधील 'लेगो स्टार वॉर्स' या खेळाचे आहे. मूळ चित्रपट अवकाशातील युद्धाचे. खेळ बनवणाऱ्यांनी सर्व पात्रे लेगोच्या ठोकळ्यांची केली. कोणी पडले, तर ठोकळे विखुरतात आणि पात्र पुन्हा उभे राहते. नुकसान होते ते जमवलेल्या काही खड्यांचे. खेळ संपला म्हणून लहान मूल रडत बसत नाही. दोघांनी शेजारी बसून एकत्र खेळायचे आणि दुसऱ्याने मध्येच यावे, मध्येच उठावे, अशी सोय त्यात होती. आईने पोळ्या होईपर्यंत मुलासोबत खेळावे आणि हाक आली की उठून जावे, मुलाचा खेळ सुरूच राहतो. समीक्षकांना तो आवडला, लाखो प्रती खपल्या आणि त्या धर्तीच्या खेळांची पुढे मालिकाच झाली. येथे नाव चित्रपटाचे होते, पण मूल कसे खेळते आणि घर कसे चालते याचा विचार खेळ बनवणाऱ्यांनी स्वतः केला होता.

फुकट मिळते त्याची किंमत

आपल्याकडे प्लेस्टेशनची जी अडचण 'रा.वन'ला आली, ती मोबाईलने दूर केली. २०१३ च्या डिसेंबरमध्ये यशराज फिल्म्सच्या 'धूम ३' या चित्रपटावरचा खेळ आला. तो बनवला कर्नाटकातील उडुपी या गावातल्या ९९ गेम्स या कंपनीने. उडुपी हे काही मुंबई-बंगळुरूसारखे शहर नव्हे. आपल्या नगरच्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावे. तो खेळ एक कोटीहून अधिक वेळा मोबाईलवर उतरवला गेला. व्यापाराच्या मापाने हे यशच होय.

परंतु येथे एक नवा प्रश्न उभा राहतो. हा खेळ फुकट होता. फुकट माल देणाऱ्याची कमाई कोठून होते? एक तर जाहिरातींतून आणि दुसरे म्हणजे खेळाच्या आत विकल्या जाणाऱ्या लहानसहान वस्तूंतून. अशा खेळांत मूल अडते, चिडते आणि नेमके तेव्हाच पडद्यावर खरेदीचे बटण येते. पालकांच्या संमतीवाचून मुलांनी केलेल्या अशा खरेदीबद्दल २०१४ मध्ये अमेरिकेत ॲपलला किमान ३ कोटी २५ लाख डॉलर आणि गुगलला किमान १ कोटी ९० लाख डॉलर ग्राहकांना परत करणे भाग पडले. म्हणजे ज्याला आपण फुकट म्हणतो, तेथे बिल नंतर येते, एवढाच फरक.

याच्या उलट उदाहरण पुन्हा मुंबईचेच आहे. पेपर बोट ॲप्स या कंपनीच्या धानुका दांपत्याने लहान मुलांसाठी 'किडोपिया' नावाचा शिकत-खेळण्याचा संच बनवला. त्यामागे कोणत्याही चित्रपटाचे नाव नव्हते. पालकांकडून वर्गणी घ्यायची, असा सरळ व्यवहार त्यांनी ठेवला. तीन लाखांहून अधिक वर्गणीदार मिळाले आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेतले होते. २०१९ मध्ये मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजने या कंपनीचा ५१ टक्के हिस्सा घेतला. २०२१ च्या मार्चमध्ये नझाराचे शेअर बाजारात आले, तेव्हा आपल्यातील अनेकांनी अर्ज भरले असतील. त्या कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा भाग तेव्हा या बिनानावाच्या बालखेळातून येत होता, हे किती जणांनी माहितीपत्रकात वाचले होते?

पिठाचा कोंबडा

आता थोडे आपल्या घरातले. पैशाचा तोटा भरून निघतो. मुलाच्या मनावर उमटलेल्या ठशाचे काय? "खेळच तर आहे, खरोखर कोणी मरत नाही," असे मुले म्हणतात. या युक्तिवादाला आपल्या परंपरेने फार पूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे. राजा यशोधराची कथा आपण प्रवचनांतून ऐकली आहे. आईच्या आग्रहाखातर त्याने खऱ्या कोंबड्याऐवजी पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला. जीव कोणाचाच गेला नाही. तरी मारण्याचा भाव मनात आणला, म्हणून आई आणि मुलगा या दोघांना जन्मोजन्मी तिर्यंच योनीत दुःख भोगावे लागले. द्रव्यहिंसा आणि भावहिंसा यांतला भेद समजावण्यासाठी आजच्या काळात याहून चपखल कथा मिळणे कठीण. पडद्यावर बंदूक चालवणाऱ्या मुलासमोरचा शत्रू हा पिठाचा कोंबडाच नव्हे काय?

पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षा दिलेल्या आपल्यातील अनेकांना श्रावकाचे आठवे व्रत, अनर्थदंड विरमण, पाठ असेल. अपध्यान, प्रमाद, हिंसेची साधने दुसऱ्यास देणे आणि पापकर्माचा उपदेश करणे, हे त्याचे चार प्रकार. विनाकारण घडणाऱ्या या दोषांची यादी घेऊन मुलाच्या हातातील खेळ तपासावा. मात्र या व्रताचा धाक दाखवून मोबाईल हिसकावून घेणे हा त्यावरचा उपाय नाही. हिसकावलेली वस्तू मूल मित्राच्या घरी जाऊन शोधते. त्याच्या शेजारी बसून पहिला अर्धा तास आपण स्वतः खेळावे, हे अधिक बरे. हार झाली की खेळ काय करतो, पैसे कोठे मागतो, सोबत दुसऱ्याला खेळता येते का आणि जिंकण्यासाठी करावे काय लागते, एवढे चार प्रश्न अर्ध्या तासात सुटतात. नमुना पाहिल्यावाचून सौदा करायचा नाही, ही आपल्या पेढीवरची शिस्त. तीच येथे उपयोगी पडेल.

नेवाशापासून पर्युषणापर्यंत

अखेरीस आपल्याच मातीची एक आठवण. ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, ते आपल्या जिल्ह्यातच आहे. मोक्षपट हा खेळ ज्ञानेश्वर महाराजांनी रचला, असे मानण्याची परंपरा महाराष्ट्रात आहे. जैन परंपरेत याच जातीचा ज्ञानबाजी नावाचा पट होता. त्याची ८४ घरांची जुनी चित्रे आजही पाहायला मिळतात. खाली दुर्गती, वर सिद्धशिला. सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप. पर्युषणाच्या दिवसांत श्रावकांच्या घरी हा पट मांडला जाई. आजोबा, सून आणि नातू असे तिघेही एका पटाभोवती बसत आणि क्रोधाच्या घरात सोंगटी पडली, की आपण किती खाली आलो हे मुलाला कोणी सांगावे लागत नसे.

१८९० च्या दशकात इंग्लंडच्या दुकानदारांनी हा खेळ उचलला, घरांची मूळ नावे आणि तत्त्वज्ञान बदलले आणि साप व शिड्या सारख्या केल्या. तरीही तो जगभर विकला गेला आणि आज सव्वाशे वर्षांनंतरही विकला जात आहे. त्यामागे ना चित्रपट होता, ना नायक. कापड चांगले होते, म्हणून चित्र बदलल्यावरही रंग टिकला.

येत्या पर्युषणात एका दुपारी मोठ्या कागदावर घरांच्या ओळी आखाव्यात. कोणत्या घरी साप आणि कोणत्या घरी शिडी, हे मुलांनाच ठरवू द्यावे. माझ्या नातवाने एकदा असा पट आखला. सर्वांत लांब साप त्याने कोणत्या घरी काढला, तर 'आजोबांचे न ऐकणे' या घरी. आणि त्याच्या शेजारीच, तेवढाच लांब, दुसरा साप काढून लिहिले, 'नातवाबरोबर न खेळणे'. हिशेब चोख होता. मला सही करावी लागली.

जय जिनेन्द्र.